पुलाच्या चढावरचे फेरे

माझ्या बायकोच्या दुखण्याला मी तेवीस दिवस रुसवा समजत होतो. एवढंच सांगून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, पण अर्धवट सांगून स्वतःला शहाणा ठरवायची माझी जुनी खोड आहे आणि या वेळी ती खोड तिच्या जिवावर बेतली होती. तेव्हा पहिल्यापासून सगळं सांगतो.

मी आंधळा आहे. लोक याच्यासाठी दुसरे गोड शब्द वापरतात, ते त्यांचे त्यांना लखलाभ. चोविसाव्या वर्षापर्यंत मला चांगलं दिसत होतं, मग डोळ्यांनी हळूहळू राजीनामा दिला. पंख्यांच्या कारखान्यात मी बेअरिंगं तपासतो. बेअरिंग बोटावर चढवायचं, फिरवायचं, कानाशी धरायचं. आतल्या एखाद्या छर्‍यावर केसाएवढा ओरखडा असला तरी माझ्या बोटाला कळतो. यंत्राने पास केलेला माल मी नापास केला आणि शेवटी यंत्रच दुरुस्तीला पाठवावं लागलं, असंही एकदा झालंय. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवतो. आता तुम्हालाही ऐकवून झाली. बायको त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. आमची ओळख तिथलीच, लग्नही तिथल्याच जेवणाच्या सुट्टीत ठरलं, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो कधी आलंच नाही.

घरापासून कारखाना सात किलोमीटर. आम्ही सायकलने जातो, एकाच सायकलने. नाक्यावरच्या सायकलवाल्याने दोन जुन्या सायकली कापून, जोडून ती आम्हाला बनवून दिली. पुढच्या सीटवर ती. हँडल, ब्रेक आणि घंटी तिच्या ताब्यात. मागच्या सीटवर मी. माझ्याकडे फक्त पेडल आणि धरायला एक आडवा दांडा. कारखान्यात आम्हाला ‘इंजिन-डबा’ म्हणतात. मी प्रत्येकाला सांगून थकलो की बाबांनो, इंजिन मागे बसतं, पण कुणी ऐकत नाही. मला काही त्याचा राग नाही. दिवसभर मला कुणी ना कुणी दंडाला धरून नेत असतं, ‘इकडे पायरी आहे बरं का’ म्हणत असतं, आणि मी बरं बरं म्हणत असतो. सायकलवर मात्र माझे पाय कुणाच्याही पायांपेक्षा कमी नाहीत. दिवसातला तो पाऊण तास मी कुणाचं ओझं नसतो.

आता आमच्या पेडलांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. दोघांचे पेडल साखळीने एकमेकांना बांधलेले आहेत. एकाने जोर काढून घेतला तरी त्याचे पाय गोल फिरतच राहतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण दुसऱ्याच्या मांड्यांना तत्क्षणी कळतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि या सव्वीस वर्षांत आमची निम्मी भांडणं त्या साखळीवरच झाली. माझी बायको चिडली की भांडी आपटत नाही, तोंड सोडत नाही. ती सकाळी सायकलवर बसते आणि पाय सैल सोडते. ओढ म्हणावं आता दोघांचं वजन एकट्याने! मीही काही कमी नाही. कपाट कुठल्या भिंतीला लावायचं यावरून मी एकदा चार दिवस पाय सैल सोडले होते आणि ती बिचारी घामाघूम होऊन कपाटाची जागा बदलायला तयार झाली होती. तेव्हा सैल पाय म्हणजे राग, हे आमच्या घरात ठरलेलंच होतं.

वाऱ्याचे दिवस आमच्याकडे दीड महिना चालतात. एरवीचा वारा वेगळा आणि हा वेगळा. पत्र्यांवर दगड ठेवावे लागतात, दुकानांच्या पाट्या काढून आत घ्याव्या लागतात, आणि वाळत घातलेला शर्ट तिसऱ्या गल्लीतून शोधून आणावा लागतो. सकाळी तो समोरून येतो, संध्याकाळी पाठीमागून. मधे नदीवरचा लांब पूल आहे. पुलाला चढ आहे आणि चढावर आडोसा म्हणून काही नाही. त्या चढाला आमच्या पेडलांचे एकशे बारा फेरे लागतात. मला दिसत नसल्यामुळे मी रस्ता फेऱ्यांनी मोजतो: बेकरीपासून लाकडाच्या वखारीपर्यंत इतके, वखारीपासून शाळेपर्यंत इतके. त्यामुळे कुठे वळण येणार आणि कुठे खड्डा, हे मला तिच्याआधी ठाऊक असतं.

वारा सुरू झाला त्या आठवड्यात सुपरवायझर आमच्या टेबलाशी आला. कामगारांना आणणाऱ्या गाडीत दोन जागा रिकाम्या झाल्यात, तुम्ही दोघं येणार का, असं त्याने विचारलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, “आम्हाला नको. आमची सायकल आहे.” बायको शेजारीच उभी होती. ती चकार शब्द बोलली नाही. सुपरवायझर ‘जशी तुमची मर्जी’ म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या चढावर नव्वदाव्या फेऱ्याला तिचे पाय सैल पडले.

मी मनात म्हटलं, अच्छा! म्हणजे बाईसाहेबांना गाडी हवी होती. मग तेव्हा बोलायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? मी दात-ओठ खाऊन उरलेले बावीस फेरे एकट्याने ओढले. वर पोचल्यावर उतार लागला आणि तिचे पाय पुन्हा कामाला लागले. संध्याकाळी वारा पाठीशी होता, तेव्हा तर ती अगदी नेहमीसारखी. सकाळी रुसायचं आणि संध्याकाळी विसरायचं, हा नवीनच प्रकार निघाला. पण मी काही विचारलं नाही. आपण होऊन विचारलं की पडती बाजू आपली होते, हे सव्वीस वर्षांच्या अनुभवाने मला माहीत होतं.

मी फक्त मोजत राहिलो. रोज, न चुकता. कितव्या फेऱ्याला तिने पाय सोडले, कितव्या फेऱ्याला पुन्हा लावले. मला ते सगळं पाठ झालं. एक दिवस हे तिच्यासमोर धाडधाड म्हणून दाखवायचं आणि तिला गप्प करायचं, असा माझा बेत होता. आंघोळ करताना मी त्या भाषणाची तयारीसुद्धा करायचो.

तुम्ही म्हणाल, पुढे दोन फुटांवर बसलेल्या बायकोला धाप लागलेली तुला ऐकू आली नाही? एरवी आली असती. ती झोपेत कूस बदलते तेही मला ऐकू येतं. पण वारा माझे कान काढून घेतो. त्या पुलावर तर कानात सगळा हूऽऽ हूऽऽ एवढाच आवाज भरतो. मागून ट्रक आला तरी पत्ता लागत नाही. माझ्याकडे उरतात ते फक्त पाय, आणि पायांना तिचा राग एवढाच अर्थ माहीत होता. घरी मी तिच्याशी मोजकं बोलायला लागलो होतो. मीठ दे, किल्ली कुठे आहे, दार लावलं का, एवढंच. ती लवकर आडवी व्हायची. मी म्हणायचो, चालू दे नाटक.

तेविसाव्या दिवशी वारा इतका होता की बेकरीवाल्याने आम्हाला हटकलं, “आज नका जाऊ पुलावरून, माणूस उडेल.” बायको म्हणाली, “आम्ही दोघं आहोत, वजनदार आहोत.” मला हसू आलं होतं, पण मी हसलो नाही. शाळा मागे पडली, मोकळं मैदान आलं आणि समोरून वाऱ्याची भिंतच अंगावर आली. पुलाचा चढ अजून सुरूही झाला नव्हता आणि तिचे पाय गेले. एकही फेरा नाही. माझं डोकं फिरलं. आज याचा सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून मी कसाबसा अर्धा चढ ओढला आणि मग मीही पाय सैल सोडले. बघू, आधी तोंड कोण उघडतं!

कुणीच तोंड उघडलं नाही. सायकल दोन हात गेली, डगमगली, वाऱ्याचा एक झोत बाजूने आदळला आणि आम्ही दोघं कठड्याकडे कलंडलो. माझा गुडघा सिमेंटवर घासला. ती सायकलला धरून खाली बसली. मी चाचपडत तिच्यापाशी गेलो, तिच्याच उंचीला खाली बसलो, आणि कठड्याच्या आडोशाला वारा एकदम डोक्यावरून जायला लागला.

तेव्हा मला तिचा श्वास ऐकू आला.

तो श्वास नव्हताच. कुणीतरी करवतीने ओलं लाकूड कापत होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आत काळीज धडधडत होतं, तेही सरळ नाही. दोनदा घाईने, मग एकदा चुकल्यासारखं, मग पुन्हा घाईने. केसाएवढा ओरखडा ओळखणारा हा हात तेवीस दिवस तिच्या पाठीपासून दीड वितीवर होता.

“काही नाही,” ती तुटक तुटक म्हणाली. “वाऱ्याने... दम लागतो. थांब जरा.”

“किती दिवस होतंय हे?”

“झाले दोन-चार.”

“तू रुसली नव्हतीस?”

“कशावरून?”

“गाडीवरून. मी सुपरवायझरला नाही म्हणालो म्हणून.”

तिने आधी श्वास गोळा केला. “अरे, मला वाटलं तू माझ्यावर रागावलायस. तीन आठवडे धड बोलत नाहीस. म्हटलं, मी कमी पडते सायकलवर... ते कळलं याला. त्यात दम लागतो सांगितलं असतं तर तू सायकल सोडली असतीस.”

“सोडली असती तर सोडली असती!”

“हो, आणि मग गाडीत कुणाच्या तरी हाताला धरून चढला असतास. मला माहीत नाही का तुला ते कसं वाटतं?”

राग आला, तिचा नाही, माझाच, आणि इतका आला की मी कठड्यावर हात आपटला. मग डोकं ठिकाणावर आणलं. घरापेक्षा कारखाना जवळ होता आणि तिथे गाडी होती. मी सायकल उभी केली आणि तिला म्हणालो, “मागे बस. माझ्या सीटवर.”

“आणि चालवणार कोण?”

“मी ढकलतो. तू फक्त डावं-उजवं सांग.”

तिने नको-नको केलं, पण वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती मागे बसली आणि मी पुढे होऊन हँडल धरलं. सव्वीस वर्षांत त्या हँडलला मी कधी हात लावला नव्हता. सगळा वारा छातीवर आला तेव्हा कळलं की ही बाई रोज कशाच्या पुढे बसत होती. मी मागे तिच्या सावलीत होतो आणि स्वतःला इंजिन म्हणवत होतो. “उजवीकडे,” ती म्हणायची. “आता सरळ. दगड आहे, थांब. हं, चल.” वाऱ्यात तिचा आवाज पोचेना, तेव्हा तिने माझ्या शर्टाची मागची बाजू मुठीत धरली, डावीकडे जायचं असेल तर डावीकडे ओढायची, उजवीकडे तर उजवीकडे. असे आम्ही पूल उतरलो.

फाटकावर वॉचमनने आमचा अवतार पाहिला आणि सवयीने थट्टा केली, “काय हो, आज डबा पुढे?”

“दादा,” मी म्हणालो, “मला मदत करा. हिला दवाखान्यात न्यायचंय. मला एकट्याला जमणार नाही.” हे वाक्य मी आयुष्यात कुणापुढे म्हटलं नव्हतं. त्याने शिट्टी वाजवून गाडी बोलावली, आणि मला हाताला धरून गाडीत चढवलं.

दवाखान्यात पाऊण तास बाकावर बसावं लागलं. एवढ्या वेळात तिचा श्वास सरळ झाला, आवाज परत आला, आणि त्याबरोबर तिचा आगाऊपणाही परत आला. आत गेल्यावर तिने डॉक्टरीणबाईंना असं काही सांगितलं की जणू मीच आजारी होतो आणि ती सोबतीला आली होती. वाऱ्यात सगळ्यांनाच दम लागतो हो. दोन दिवस झाले असतील. वय झालं आता. ह्यांचं आपलं काहीतरीच, राईचा पर्वत करतात. परक्यांसमोर मात्र मी ‘हे’ होतो. डॉक्टरीणबाई घाईत होत्या. बाहेर खोकणाऱ्यांची रांग मलाही ऐकू येत होती. त्यांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, चार प्रश्न विचारले.

“रक्त कमी असेल. गोळ्या लिहून देते. आठवड्याभराने दाखवा,” त्या म्हणाल्या आणि कागद फाडल्याचा आवाज झाला.

“बघ,” बायको म्हणाली आणि उठली.

मी उठलो नाही. एक सांगतो, खरं सांगायचं असं ठरवलंच आहे म्हणून. तेव्हा क्षणभर माझ्या मनात आलं होतं की बरं झालं, गोळ्यांवर भागलं. दोन-तीन आठवड्यांत वारा उतरेल, सायकल सुरू होईल. मग मला पुलावरचा तो श्वास आठवला.

“डॉक्टर, थांबा,” मी म्हणालो. “दोन दिवस नाही. तेवीस दिवस.”

तिने उभ्यानेच माझा हात दाबला. मी हात सोडवून घेतला आणि बोलायला लागलो. आमची सायकल कशी आहे ते सांगितलं, चढाचे एकशे बारा फेरे सांगितले. “पहिल्या दिवशी हिचा जोर नव्वदाव्या फेऱ्याला गेला. पाच दिवस तो तिथेच होता. सहाव्या दिवशी सत्त्याहत्तर. नवव्या दिवशी साठ, आणि त्या दिवसापासून चढ संपल्यावरही जोर लगेच परत येईना, आणखी तीस फेरे जायचे. बाराव्या दिवशी पन्नास. चौदाव्या दिवशी पुलाच्या माथ्यावर ही स्कार्फ बांधायला म्हणून थांबली, स्कार्फ सुटला नव्हता, सुटला असता तर माझ्या तोंडावर फडफडला असता. सतराव्या दिवशी चौतीस. विसाव्या दिवसापासून सपाट रस्त्यावरही, शाळेच्या अलीकडे. परवापासून संध्याकाळीसुद्धा, वारा पाठीशी असताना. आज शून्य.”

बोलता बोलता कळत होतं की प्रत्येक आकड्याबरोबर सायकल माझ्या हातून जातेय. आणि मी हे सगळं तिला गप्प करायला पाठ केलं होतं, तेही आठवत होतं. तरी मी एकही दिवस गाळला नाही.

पेन कधीचं कागदावर चालायला लागलं होतं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, तर डॉक्टरीणबाई “थांबा जरा!” म्हणून ओरडल्या. त्यांनी तिला पलंगावर घेतलं, डाव्या कुशीवर वळवलं आणि पुन्हा नळी लावली. या वेळी खूप वेळ. मग त्या खुर्ची ओढून अगदी माझ्यासमोर येऊन बसल्या.

“हृदयाची एक झडप नीट उघडत नाहीये. मोठ्या दवाखान्यात आजच दाखल करायचं, मी चिठ्ठी देते. यावर उपाय आहे, घाबरू नका. पण यांना आठवडाभर घरी पाठवायला नको होतं, आणि मी पाठवत होते.” मग त्यांनी विचारलं, “तुम्ही हे इतकं रोज मोजून ठेवलंत. काही शंका आली होती का तुम्हाला?”

मी मान खाली घातली. हो म्हणालो असतो तर त्यांना पटलं असतं.

पलंगावरून बायकोच बोलली. “शंका कसली, डॉक्टर. हे माझ्यावर रागावले होते, म्हणून मोजत होते,” ती म्हणाली आणि हसायला लागली. हसताना तिला पुन्हा दम लागला, तरी ती हसतच होती.

मला तिथेच रडू कोसळलं, छोट्या पोरासारखं. मी आवाजाच्या दिशेने गेलो, तिचा हात शोधला आणि माझं चुकलं, माझं चुकलं, असं मोठमोठ्याने म्हणत राहिलो.

“अरे, हळू बोल,” ती माझे डोळे पुसत म्हणाली. “बाहेर माणसं बसलीत.”